परमिशन आहे का?

आज सकाळी परत तेच. फोर्टमध्ये, फुटपाथवर. एका जुन्या इमारतीच्या कमानीवर मालाडच्या पिवळसर दगडाला कोवळं ऊन लागतं ते जेमतेम दहा मिनिटं. त्यासाठी बदलापूरहून पहाटेची लोकल पकडली. ट्रायपॉड लावला, फ्रेम बसवली, आणि आला वॉचमन.

"परमिशन आहे का?"

कुणाची, काका?

"ते मला नाय माहीत. पण लागते."

म्हटलं, मी रस्त्यावर उभा आहे, तुमच्या गेटच्या आत पाऊलही टाकलेलं नाही. तर त्याने सरळ लेन्सवर पंजा ठेवला! काचेवर! अख्ख्या अंगठ्याचा तेलकट ठसा. आणि वर "डिलीट करा". का म्हणून? कुठल्या अधिकाराने?

शेजारी चार पोरं त्याच कमानीखाली मोबाइलवर रील काढत होती. त्यांना चकार शब्द नाही. ट्रायपॉडचे तीन पाय दिसले की मात्र यांच्या अंगात येतं.

मागे एका बागेत एकाने "प्री-वेडिंग का? पाचशे द्या" म्हणून अडवलं होतं. मी एकटा, समोर खंड्या पक्षी, कसलं प्री-वेडिंग? पावती मागितली तर दोनशेवर आला. डोकं फिरतं.

संरक्षित स्मारकाच्या आत ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती मी घेतो. अर्ज करतो, थांबतो. नियम लिहिलेला असेल तर मुकाट पाळतो. पण कुठे लिहिलाय ते दाखवा ना! इमारतीचा फोटो काढणं हा कॉपीराइटचा भंग होत नाही, असं १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ स्वच्छ सांगतं. आणि ऊठसूट 'सिक्युरिटी' काय? पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एकावर शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा लावला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला, पोलीस ठाणं त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही म्हणून. पोलीस ठाणं नाही, आणि तुमची कमान निषिद्ध?

हुज्जत संपेपर्यंत ऊन कमानीवरून उतरलं होतं. फोटो डिलीट केला नाही, पण तो हवा तसा आलाही नाही. परतीच्या गाडीत निम्मा वेळ काच पुसण्यात गेला.

पुढच्या रविवारी त्याच फुटपाथवर, त्याच जागी उभा राहणार आहे. कलम ५२ ची प्रिंट काढून बॅगेत ठेवली आहे, मराठीतली.