संग्रहालय पळवण्याची सोपी रीत

तुमच्या शहरात काचेची एखादी देखणी इमारत बांधून झाली असेल आणि आत काय ठेवायचं हे कुणालाच सुचत नसेल, तर खचू नका. शेजारच्या लहान शहरात डोकावून या. तिथं काहीतरी नीट चाललेलं असतंच. ते उचला.

हे कसं जमवायचं, ते मँचेस्टरकडून शिकावं. 2002 मध्ये तिथं ‘अर्बिस’ उभं राहिलं. घसरगुंडीसारखं उतरतं छप्पर, नखशिखांत काच. आत संग्रहालय कशाचं? तर शहरांचं. आता दाराबाहेर अख्खं शहर फुकट दिसत असताना ते तिकीट काढून आत कोण बघणार? थोड्याच काळात तिकीट रद्द करावं लागलं. मग लक्ष गेलं पन्नासेक किलोमीटरवरच्या प्रेस्टनकडे. तिथं डीपडेल मैदानाच्या स्टँडखाली 2001 पासून इंग्लंडचं राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय गुपचूप नांदत होतं. 2009 मध्ये मागणी घातली, 2010 मध्ये प्रेस्टनच्या दाराला कुलूप, जुलै 2012 मध्ये काचेच्या घरात गृहप्रवेश. (प्रेस्टनला गाव म्हणू नका हं. 2002 मध्येच राणीनं त्यालाही शहराचा दर्जा दिला होता. दर्जा मिळाला, संग्रहालय गेलं. हिशेब चुकता.)

कुणीतरी इतिहास काढणारच, त्याची तयारी ठेवा. म्हणतील, 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारा संघांतले सहा एकट्या लँकेशायरचे होते. पहिल्याच मोसमात प्रेस्टन नॉर्थ एंडनं बावीस सामन्यांत एकही न हरता लीग जिंकली आणि वर एकही गोल न खाता एफए कप ही बाद फेरीची स्पर्धाही जिंकली. त्याआधी 1884 मध्ये खेळाडूंना पैसे देतो असं याच क्लबचा कारभार पाहणाऱ्या विल्यम सडेलनं उघड कबूल केलं, म्हणून संघाला एफए कपबाहेर काढलं होतं. पुढच्याच वर्षी पैसे घेऊन खेळणं कायदेशीर करावं लागलं. आज फुटबॉलपटू ज्या मोटारींतून फिरतात, त्यांचं पहिलं पेट्रोल प्रेस्टननं भरलंय.

हे सगळं शांतपणे ऐकून घ्या आणि म्हणा, “पण लीग स्थापन करायची बैठक मँचेस्टरच्याच हॉटेलात झाली होती.” हे खरंच आहे, त्यामुळे समोरचा गप्प बसेल. या न्यायानं सोयरीक ज्या हॉटेलात जमली त्याच हॉटेलात संसार थाटायला हवा. पण एवढं त्याला ऐन वेळी सुचत नाही.

इतिहासानं भागलं नाही तर पैशांवर या. लहान शहराला परवडत नाही, मोठं शहर दरवर्षी अनुदान द्यायला तयार आहे, असं सांगा. संस्था जर राष्ट्राची, तर तो खर्च राष्ट्रानं जिथल्या तिथं का भागवू नये, असं एखादा विचारेल. त्याला समजावा की पैसा फार जड असतो, पन्नास किलोमीटर हलत नाही. कप आणि चेंडू हलके, ते हलतात.

माझे वडील कोल्हापूरचे. शिवाजी पेठेत वाढलेले, शाहू स्टेडियमवर तालमी-तालमींच्या फुटबॉल सामन्यांना घसा बसेपर्यंत ओरडलेले. मी तिकडे नोकरीला असताना आप्पा एकदा आले, तेव्हा त्यांना लंडनच्या आधी डीपडेलला नेलं. 1930 च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातल्या चेंडूंविषयी मी त्यांना सांगितलं. कुणाचा चेंडू वापरायचा यावरून भांडण झालं, म्हणून पहिला अर्धा खेळ अर्जेंटिनाच्या चेंडूनं आणि दुसरा उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना 2-1 नं पुढे, शेवटी उरुग्वे 4-2. आप्पांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. “आपल्याकडं दोन तालमींत ह्याच्यावरनं मॅचच झाली नसती,” म्हणाले.

संग्रहालय हलणार हे नंतर फोनवर सांगितलं, तेव्हा मात्र बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाटाकडील तालमीची ढाल पुण्याला न्यायची म्हटलं तर ट्रक पेठेतनं भाईर पडंल व्हय रं?”

तुमच्या गावात अशी तालीम नसेल, तर काम निम्मं झालंच म्हणून समजा.

सामान हलवताना सगळं नेऊ नका, मोठ्या शहरात जागेला भाव असतो. कपाटं, कागदपत्रं, जपून ठेवायचा ऐवज असं माळ्यावरचं सामान जुन्या घरीच राहू द्या. मँचेस्टरनंही साठ्याची कोठी डीपडेललाच ठेवली. म्हणजे दिवाणखाना शहरात आणि अडगळीची खोली माहेरी.

तिकीट मात्र लगेच लावू नका. प्रवेश मोफत म्हणून आधी टाळ्या घ्या आणि सहा-सात वर्षांनी, विरोध करणारे थकले की, दहा पौंड लावा. तेही शहाणपणानं. मँचेस्टरनं 2019 मध्ये तसं केलं, आणि स्वतःच्या रहिवाशांना मोफतच ठेवलं. म्हणजे आपल्या गावातून गेलेली वस्तू बघायची तर प्रेस्टनच्या माणसानं रेल्वेचं भाडं भरावं, वर तिकिटाचे पैसे मोजावेत, आणि ती वस्तू आता किती लोकांपर्यंत पोचली म्हणून आनंद मानावा.

आणि शेवटचं म्हणजे डीपडेलबाहेरच्या टॉम फिनीच्या पुतळ्याच्या नादी लागू नका. फिनी लीगमध्ये जन्मभर प्रेस्टनकडूनच खेळला आणि खेळता खेळता प्लंबरचा धंदाही करत राहिला. पुतळ्यात तो तुंबलेल्या पाण्यातून चेंडूमागे घसरतोय, दोन्ही बाजूंना कारंज्याचं पाणी उसळतंय. आप्पा त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले होते, “ह्यो खेळतुय का पवतुय?” तो पुतळा हलवायचा तर खालची नळजोडणी आधी सोडवावी लागेल, आणि गावातला सगळ्यात नावाजलेला प्लंबर तर त्याच पाण्यात आहे.