एच६१ मदरबोर्डबद्दलच्या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. “अपग्रेड होतो म्हणून सांगून जुना एच६१ बोर्ड गळ्यात मारला” असं तुम्ही लिहिलंय आणि चार तक्रारी मांडल्यात. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय७ प्रोसेसर बसत नाही, १६ जीबीची रॅम लावली की स्क्रीन काळी राहते, एनव्हीएमईला (नव्या प्रकारच्या वेगवान एसएसडीला) स्लॉटच नाही आणि साटा (जुन्या केबलवाल्या जोडणीची) एसएसडी निम्म्याच वेगाने चालते. चारही गोष्टी खऱ्या आहेत. गळ्यात मारला हे मात्र मान्य नाही. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा), चिपसेट (बोर्डाची मुख्य कंट्रोल चिप, इथे एच६१) आणि कमाल रॅम विक्रीच्या पानावर लिहिलेली होती, आणि बोर्ड अपग्रेड होतो हेही खरं आहे. फक्त तो ज्या दिशेने वाढतो, त्या दिशेचे पार्ट तुम्ही घेतले नाहीत.

आधी प्रोसेसर, कारण खरा फायदा तिथेच आहे. हा बोर्ड एलजीए ११५५ सॉकेटचा. त्यावर इंटेलची दुसरी पिढी (२०११) आणि तिसरी पिढी (२०१२) चालते. चौथी पिढी २०१३ मध्ये एलजीए ११५० वर गेली, तिच्या खाचा वेगळ्या जागी आहेत. तो दाबून बसवायचा प्रयत्न कृपया पुन्हा करू नका. पिना प्रोसेसरला नाहीत, सॉकेटमध्ये आहेत. त्या वाकल्या की बोर्डच गेला म्हणायचा.

तुम्हाला हवा तो आय७ म्हणजे ३७७०. सध्याच्या तुमच्या आय५-२४०० ला चार कोअर आणि चारच थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, ३७७० ला चार कोअर आणि आठ थ्रेड. शिवाय २४०० चा टीडीपी (प्रोसेसर किती उष्णता काढतो त्याचं माप) ९५ वॅट, ३७७० चा ७७. म्हणजे प्रोसेसर वेगवान होतो आणि बोर्डावरचा भार उलट कमी होतो. आधी बायोस (बोर्ड सुरू करणारा त्याच्यातलाच प्रोग्रॅम) अपडेट करा, तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. बरेच जण नेमकं उलट करतात: नवा प्रोसेसर लावतात, डिस्प्ले येत नाही, आणि बोर्ड डेड म्हणून परत येतो. नावात ‘के’ असलेला ३७७०के शोधत बसू नका. एच६१ वर ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) होत नाही, त्यामुळे त्या अक्षराचा इथे उपयोग नाही.

रॅमचं उत्तर छोटं आहे. दोन स्लॉट, डीडीआर३, एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त ८ जीबी. १६ जीबीची एकच स्टिक या पिढीच्या मेमरी कंट्रोलरला ओळखताच येत नाही. ८ च्या दोन घ्या. ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेल्या स्वस्त डीडीआर३ स्टिक मिळतात, त्या मात्र टाळा.

आता एसएसडी. एच६१ चे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणून टेस्टमध्ये सेकंदाला ५५० एमबीच्या जागी २७० च्या आसपास आकडा दिसतो. तो मोठी फाइल सलग वाचतानाचा आकडा आहे. विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं हे सगळं छोट्या-छोट्या विखुरलेल्या वाचनावर चालतं, आणि ते या पोर्टच्या मर्यादेपर्यंत पोचतही नाही. हार्ड डिस्कवरून आलेल्याला फरक लगेच कळतो. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय (एसएसडीसाठी योग्य मोड) आहे ना, ते मात्र पाहा. या काळातले कितीतरी बोर्ड आयडीई या जुन्या मोडवर ठेवलेले सापडतात. विंडोज आधीच टाकलेलं असेल तर मोड थेट बदलू नका, निळी स्क्रीन येईल. आधी सेफ मोडमध्ये बूट होईल असं सेट करा, मग बायोसमध्ये जाऊन मोड बदला.

एनव्हीएमई पीसीआयई (बोर्डावरच्या कार्ड स्लॉटच्या) अडॅप्टरवर लावता येते आणि विंडोज १० ला ती दिसते. पण इतकं जुनं बायोस तिच्यावरून बूट करत नाही, त्यामुळे डेटासाठीच ठेवा. एक्स१ या सर्वात छोट्या स्लॉटमध्ये ती सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे जाणार नाही. एवढ्यासाठी मी तरी खर्च करणार नाही.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो: विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची मुख्यतः आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे मशीन इंटरनेटवर रोज वापरायचं असेल तर लिनक्सचा विचार करा. या हार्डवेअरवर ते चांगलं चालतं.

बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन नंबर मेसेज करा, ३७७० साठी कोणतं बायोस व्हर्जन लागेल ते शोधून पाठवतो. आणि बोर्ड परतच करायचा असेल तर हरकत नाही, फक्त त्याआधी सॉकेटचा जवळून काढलेला एक फोटो लागेल.