श्रावणात दारू सोडताय? मग पहिले पाच दिवस डॉक्टर सोबत हवा

श्रावण लागला किंवा गळ्यात माळ घातली की वर्षानुवर्षं रोज क्वार्टर-दोन क्वार्टर पिणारा माणूस एका दिवसात पिणं थांबवतो. त्या निश्चयाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो अंगावरची नसलेली झुरळं झटकायला लागतो, तेव्हा घरचे अंगारा आणायला धावतात, हे थांबायला हवं.

मेंदूत गाबा हे रसायन पेशींना शांत करतं, ग्लुटामेट चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. रोजच्या पिण्याला तोंड देताना मेंदू गाबाला दाद देणं कमी करतो, ग्लुटामेटचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणाऱ्या जागा, वाढवतो. दारू अचानक थांबली तरी हा बदल लगेच मागे फिरत नाही. म्हणून शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 8 तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. 48 ते 96 तासांत भ्रम, ताप, छातीत धडधड दिसली तर ते डेलिरियम ट्रेमेन्स असू शकतं. यात माणूस दगावतो. खोलीत कोंडून ठेवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

तिथे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ही मेंदू शांत करणारी औषधं देऊन काही दिवसांत डोस उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर बहुधा लोराझेपाम. मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नका, वर दारू प्यायली तर श्वास मंदावतो. डॉक्टरांना खरं सांगा: रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी, पूर्वी फिट आली होती का.

आणि 'अशक्तपणा आलाय, ग्लुकोजचं सलाईन लावा' हा आग्रह नको. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन, म्हणजे बी-1, लागतं आणि पिणाऱ्यांत तेच कमी असतं. थायमिनशिवाय ग्लुकोज चढवलं तर तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, गोंधळ उडणं असा वर्निके आजार उद्भवू शकतो. पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा सोबत दिलंय ना, हे बिनधास्त विचारा.

भाजीत चोरून डायसल्फिराम ही दारू सोडवण्याची गोळी कालवणं तर मला अक्षम्य वाटतं. ते दारूतून तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन शरीरात साचवतं. गोळीची कल्पना नसताना दारू प्यायलेल्या माणसाचा रक्तदाब कोसळू शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ती गोळी त्याच्या संमतीनेच द्यायची.

थरथर थांबली तरी तलफ महिनोन्‌महिने येते. तिच्यासाठी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही वेगळी औषधं आहेत. त्यामुळे डॉक्टरांची भेट श्रावणाच्या आदल्या आठवड्यातच घ्या. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.