संप मागे कोण घेणार होतं?

आमचे मामा मुंबईत कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मामीने त्यांचा डबा घासून फळीवर उपडा ठेवला. महिन्याभरात लागेलच, म्हणून. पुढे बिऱ्हाड कोकणात हललं तेव्हा तो भांड्यांच्या पोत्यातून गावी गेला. डबा परत लालबागला आला नाही. मामा एकदाच आले, ते पुढे सांगतो.

हल्ली कुठल्याही आंदोलनावर बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: नेता कडक आहे ना? मागे हटणार नाही ना? मी मात्र आधी हे बघतो की वेळ आलीच तर या माणसाला माघार घेता येईल का.

डिसेंबर १९२७ चं महाड आठवा. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून लोकांनी मार खाल्लेला. आता हजारो जण तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. परिषदेला जागा कोणी देईना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. वातावरण किती तापलं असेल! आणि सवर्णांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणून ठेवलेला. अशा सभेपुढे उभं राहून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला सांगितलं. सवर्णांशी झुंजताना सरकारही अंगावर ओढवून घ्यायचं नाही, हा हिशोब त्यांनी लोकांपुढे उघड मांडला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. मधल्या काळात माणसं पांगली का? १९३० मध्ये नाशिकला काळारामाच्या दारात हजारो जण उभे राहिले, यातच उत्तर आलं.

आता मामांच्या संपाचे नेते, डॉ. दत्ता सामंत. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी घसघशीत पगारवाढी मिळवून दिल्या होत्या, ताळेबंद बघत बसायचे नाहीत, ही त्यांची ख्याती. म्हणूनच तर गिरणी कामगार आपणहून त्यांच्या घाटकोपरच्या घरी गेले. पण तिथे कारखाना बंद पडला की मालकाचा जीव जायचा. इथे कित्येक गिरण्या जुनाट, गोदामात माल पडून, आणि कापड विणून द्यायला भिवंडीचे यंत्रमाग होतेच. मालकाला संप पथ्यावर पडला. त्यात १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनला, म्हणजे डॉक्टरांशी बोलणी न करायला सबब तयार. सरकारलाही त्यांना मोठं होऊ द्यायचं नव्हतं. सगळा दोष त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. तरी अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. विरत गेला.

आणि १९८४ ला, सगळं हरल्यावर, त्याच गिरणगावाने डॉक्टरांना खासदार केलं. मामा तेव्हा आले होते, एसटीने, फक्त मत द्यायला. हेच मला छळतं. लोक शेवटपर्यंत त्यांचेच होते. मग १९८२ च्या दिवाळीआधी 'आता आत जा, पुन्हा बघू' असं ते म्हणाले असते तर?

मामांना एकदा विचारलं. ते अंगणात सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "गेलो असतो रे. पण तसं बोलायला आम्ही त्यांना तोंड तरी कुठे उघडू दिलं असतं?"