हंबकर आणि कंट्रीचा टणत्कार

"गिटार विकतोय," धाकटा कट्ट्यावर टेकता टेकता म्हणाला. खांद्यावरची बॅग अजून उतरवलीही नव्हती. "दोन हंबकरवाली आहे. रॉक झकास वाजतं, पण अमेरिकेतलं कंट्री संगीत वाजवायला गेलो की तोंडात रुमाल कोंबून गातोय असं वाटतं. सरळ फेंडरची टेलिकास्टर घेतो." (तारेचं कंपन विजेत बदलतो तो चुंबक-कॉइलचा पिकअप. हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, सिंगल कॉइल म्हणजे एकाच कॉइलचा.)

मास्तरांनी लगेच मान डोलावली. "योग्य निर्णय. टेलिकास्टर हे नाव 1951 साली लागलं, तेव्हापासून कंट्रीचा टणत्कार म्हणजे टेली. ब्रिजची, म्हणजे तारा टेकतात त्या भागाची, धातूची पाटी, त्यात तिरका बसवलेला सिंगल कॉइल. तो आवाज दुसरीकडून कुठून येणार?"

मला हे अजिबात पटलं नाही आणि मी तसं बोललो. चांगली, हाताला बसलेली गिटार एका आवाजासाठी विकायची म्हणजे अन्याय आहे. "मास्तर, मग कंट्रीचा गिटारवादक चेट ॲटकिन्सचं काय? त्याच्या ग्रेच गिटारीतल्या आधीच्या पिकअपची चुंबकं तारा खेचत होती, सूर लवकर मरायचा. म्हणून रे बट्सने फिल्टरट्रॉन हा नवा पिकअप तयार केला. फिल्टरट्रॉन हंबकरच आहे ना? नॅशव्हिलच्या त्या माणसाला कंट्री येत नव्हतं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"फिल्टरट्रॉन वेगळा," मास्तर म्हणाले. "या पोराच्या गिटारीत गिब्सन कंपनीच्या पद्धतीचा आहे. दोन्ही एका मापाने मोजू नकोस."

आणि इथे मास्तरांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. खरं तर वादाचं मर्मच तिथे आहे. फिल्टरट्रॉनचा रोध साधारण 4 किलोओहम, सेथ लव्हरने गिब्सनसाठी केलेल्या हंबकरचा 7 ते 8 च्या घरात. जास्त वेढे म्हणजे जास्त इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला कॉइलचा जास्त अडसर. इंडक्टन्स वाढला की पिकअपचं अनुनादाचं शिखर, म्हणजे ज्या वारंवारतेला तो सगळ्यात जोरात बोलतो ती, खाली सरकतं आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरतं. म्हणजे आवाज गढूळ होतो तो दोन कॉइल आहेत म्हणून कमी आणि दोन्ही एकामागे एक, सिरीजमध्ये जोडल्यात म्हणून जास्त. हे एकदा ध्यानात आलं की गिटार विकायचा प्रश्नच उरत नाही. जोडणी बदलता येते.

"मग स्प्लिट कर की," वायरमन म्हणाला. आम्ही त्याला वायरमनच म्हणतो, कट्ट्यावरच्या सगळ्यांच्या गिटारी त्याच्याच हातून झाळून निघाल्यात. "पुश-पुल पॉट, म्हणजे ओढला की स्विचसारखा चालणारा नॉब, बसवायचा, एक कॉइल अर्थला टाकायची, झालं काम."

"आणि भुणभुण?" मी विचारलं. हंबकरचा जन्मच ती भुणभुण मारायला झाला. दोन कॉइल उलट वळवलेल्या, चुंबकाची टोकंही उलटी, त्यामुळे तारेचा आवाज जोडला जातो आणि बाहेरची विजेची गुणगुण वजा होते. एक कॉइल बंद केलीस की ती परत आली. मी एका कार्यक्रमात स्प्लिटवर वाजवत होतो आणि रंगमंचाचे दिवे मंद केले तसा अँप रातकिड्यासारखा ओरडायला लागला. संथ गाण्यात, दोन सुरांच्या मधल्या शांततेत. त्या रात्रीनंतर मी माझ्या गिटारीत दोन्ही कॉइल पॅरलल, म्हणजे समांतर, जोडल्या आणि परत मागे वळून पाहिलं नाही.

पॅरललमध्ये गुणगुण तशीच मरते, इंडक्टन्स मात्र सिरीजच्या चौथाईवर येतो. शिखर जवळपास दुप्पट उंचीवर जातं. आवाजाची पातळी निम्म्यावर उतरते खरी, पण कंट्रीला अँप स्वच्छच हवा असतो, तेव्हा ती तक्रार मी मानत नाही.

वायरमन असा हार मानणारा नव्हे. त्याने खिशातून पेन काढलं आणि बिलाच्या पाठीमागे आकडे मांडायला सुरुवात केली. हंबकरच्या दोन कॉइलच्या मध्यांमध्ये साधारण 19 मिलिमीटर अंतर. ज्या लहरीची अर्धी लांबी तेवढी असेल ती एका कॉइलवर वर आणि दुसऱ्यावर खाली, म्हणजे बेरीज शून्य. जाड ई तारेवर हे घडतं 3 किलोहर्ट्झच्या किंचित खाली. "आता सांग," तो म्हणाला, "टणत्कार राहतो कुठे? 2 ते 4 च्या मध्ये. तुझ्या पॅरललमध्येही दोन्ही कॉइल चालूच असतात. जाड तारेवरचा नेमका तोच तुकडा तू गमावतोस."

मी त्याच्याच पेनाने बारीक ई तारेचं गणित केलं. तिथे तोच खड्डा 11 किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि गिटारच्या स्पीकरमधून तिथलं काही बाहेर येतच नाही.

दोघंही थोडा वेळ त्या कागदाकडे बघत बसलो. इतकी वर्षं स्प्लिट की पॅरलल यावर आम्ही हमरीतुमरीवर येत होतो आणि उत्तर तारेच्या जाडीत होतं. जाड तारांवर खर्जातल्या सुरावटी वाजवणाऱ्याला स्प्लिट हवं, वरच्या तारांवर बोटांनी उडवून वाजवणाऱ्याला पॅरलल. धाकटा दुसऱ्या प्रकारातला. मी हे मोठ्याने बोलून दाखवलं, वायरमनने नुसती भुवई उंचावली.

"पण पॅरलल पातळ वाजतो," मास्तर म्हणाले. "काचेवर नख ओढल्यासारखा."

हेही खोटं नाही. शिखर फार वर गेलं की चमक राहते, दणका जातो. टेलीचा ब्रिज पिकअप काही अति तीक्ष्ण नसतो, त्याचा जोर मधल्या त्या पट्ट्यात असतो. त्यावर इलाज सोपा आहे: पॅरलल जोडणीत आउटपुट आणि अर्थच्या मध्ये 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाकायचा. शिखर खाली ओढलं जातं आणि 4 किलोहर्ट्झच्या परिसरात येऊन बसतं. आवाजाला परत कणा येतो. बहुतेक लोक इथवर पोचतच नाहीत, पॅरलल करून बघतात, पातळ लागला म्हणून सोडून देतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

वायरमनने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली, ती इथे लिहून ठेवतो. पिकअपमधून चार तारा बाहेर आलेल्या असतील तरच हे काम सोपं. आणि त्यांच्या रंगांवर भरवसा ठेवायचा नाही, दर कंपनीचे रंग वेगळे. मल्टिमीटर लावायचा. एकेक कॉइल 4 किलोओहम दाखवत असेल तर सिरीजमध्ये 8 आणि पॅरललमध्ये 2 दिसायला हवं. 2 दिसल्याशिवाय झाकण लावायचं नाही.

"ते सगळं नंतर," मी धाकट्याला म्हटलं, "आधी गिटार काढ."

बॅटरीवरचा छोटा अँप कायम बॅगेत असतो त्याच्या. ब्रिज पिकअप तारांना अगदी खेटून होता, रॉकवाल्यांची सवय. पेचकसने दोन्ही बाजूंनी दोन-दोन फेरे खाली घेतला. मग बारीक तारांखालचे पोलचे स्क्रू थोडे वर काढले. अँपचा बास कमी केला, गेन जवळजवळ शून्यावर. आता वाजव म्हटलं, तर तो नेहमीप्रमाणे दोन पिकअपच्या मध्ये पिक मारायला लागला. मी त्याचं मनगट धरून उजवा हात ब्रिजच्या जवळ सरकवला, दोन बोटांचं अंतर राहील इतका. तारेच्या टोकाजवळ छेडलं की वरचे स्वरांश उठतात, मूळ सूर जरा मागे राहतो. त्याने तोच सूर परत छेडला आणि मान वर केली. एकही तार न झाळता आवाजातला रुमाल निघाला होता.

"पिकने खालची तार, आणि वरची मधल्या बोटाने ओढून सोड," मास्तर आता पुढे सरकून बसले होते. "वर ओढायची, म्हणजे परत येताना फ्रेटवर आपटली पाहिजे. आणि डाव्या हाताचं बोट लगेच सैल. सूर लांबवू नकोस, तोड." शिकवायला लागले की मास्तरांचा वादातला आवाज पार बदलतो.

मग आवाजाची चढउतार कमी करणारा कंप्रेसर निघाला, 100 मिलिसेकंदांवर एकच पडसाद देणारा डिले निघाला. त्यावर फारसं भांडण झालं नाही. हाताने सूर तोडता आल्यावर पेडल लावावं, आधी नको, एवढंच मी म्हणेन.

आठच्या सुमाराला धाकटा पाणी आणायला उठला तेव्हा मास्तरांनी गिटार आपल्याकडे ओढली. दोन तारा एकदम धरल्या, एक तशीच ठेवून दुसरी ताणत वर नेली. ब्रिजच्या अगदी कडेला छेडून. वायरमन काहीतरी बोलत होता, तो थांबला. मास्तरांनी तोच ताण तीन वेळा घेतला, कान अँपच्या जाळीपाशी नेऊन. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"पेचकस दे. जाड तारांच्या बाजूने अजून अर्धा फेरा खाली जायला हवा."