तोंड असलेली पन्हळ

मी कुठल्याही ऑफिसातला साहेब नाही. कुणाची गळती काढून देण्याचा अधिकार मला नाही. घरातली माझ्या हातून निघत नाही, ते सोडा. पण गिरगावातल्या एका चाळीला हे अजून पटलेलं नाही.

सगळं त्या पुस्तकामुळे झालं. भाच्यानं दिलं. तो अमेरिकेत असतो, त्यामुळे त्याला मुंबईची फार काळजी. "मामा, सत्तावीस वर्षं व्हीटीला उतरताय, तिथले दगडी मोर पाहिलेत का?" मी डोंबिवलीचा. व्हीटीला उतरल्यावर पुढच्याच्या टाचा बघायच्या असतात, मोर नाही. पण मनाला लागलं ते लागलंच.

पुस्तक दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींचं, हातात धरून हिंडायचं. वजन सव्वा किलो. घरच्या काट्यावर केलं, शंका नको. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात छत्री, मग पान उलटायचं कशानं? नकाशा बरोबर दोन पानांच्या शिवणीत छापलेला, त्यामुळे हुतात्मा चौक घळीत गडप. फोटोंत एक माणूस नाही, एक वायर नाही. खिडकीतून ढुंगण बाहेर काढून बसलेला एसी नाही. ही मुंबई बहुधा कर्फ्यूत काढलेली. आणि शब्द तर काय! कॉर्बेल, टिंपॅनम, स्पँड्रेल. दोन पानं मी औषधांची यादी समजूनच वाचली.

मराठीत असं काही आहे का म्हणून एका दुकानात विचारलं. "फोर्टवरचं द्या." त्यानं सिंहगड-राजगडावरचं काढून दिलं. त्याचं तरी काय चुकलं? आपल्या फोर्टचा तट 1860च्या दशकातच पाडला. आता किल्ला फक्त नावात उरलाय.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. राजाबाई टॉवर. 280 फूट उंच, 1878 साली पूर्ण झाला. पैसे प्रेमचंद रायचंदांचे, नाव त्यांच्या आईचं. नकाशे काढले सर गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. हा गृहस्थ मुंबईत कधी आलाच नाही. पुस्तकात त्याला दोन पानं आणि फोटो. व्हीटी बांधणाऱ्या स्टीव्हन्ससाहेबांना चार पानं. ते निदान इथे राहिले तरी. आणि ते मोर, ती घुबडं, ती माकडं छिन्नीनं कुणी काढली? 'जेजे स्कूलचे विद्यार्थी व स्थानिक कारागीर.' बस्स. सव्वा किलोत एकाचंही नाव मावलं नाही.

असो. गेल्या रविवारी शेवटचा फेरफटका होता, गिरगावचा. खोताच्या वाडीतली लाकडी घरं पाहून झाली, ती खरंच सुरेख आहेत. पुढे पुस्तक म्हणत होतं, 'परतताना आसपासच्या चाळींच्या गॅलऱ्यांवरही नजर टाकावी.' टाकली. एका चाळीसमोर उभा राहून, मान वर करून, पेन्सिलीनं समासात खूण करत होतो.

"आलात?" दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला. "दोन वर्षं झाली अर्ज देऊन. वर या, वर या. खालून काय दिसणार?"

सत्तरीच्या काकू. गाऊनवर टॉवेल, हातात चिमटा. मी म्हटलं, "काकू, मी नुसता बघत होतो."

"मागचाही नुसता बघूनच गेला. या."

त्या आवाजाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. जिना लाकडी, मधली एक पायरी गायब. "तिसरी सोडा," काकू वरून म्हणाल्या. मोरीत छतावर भारताच्या नकाशाएवढी ओल, श्रीलंकेसकट. खाली निळी बादली. टप्, आणि मग तुम्ही निर्धास्त झालात की पुन्हा टप्.

"लिहा," काकू म्हणाल्या.

"कशावर?"

"ते रजिस्टर आणलंय ना?"

आणि मी लिहिलं. देवाशपथ. राजाबाई टॉवरच्या पानावर, स्कॉटसाहेबाच्या फोटोशेजारी: 'खोली 23, मोरी, वरून.' तेवढ्यात 24 नंबरचे काका बनियनवर आले. त्यांची भिंत पण लिहायची होती. मग 26. तिसऱ्या मजल्यावरून एक मुलगा ओरडला, "आमची गॅलरी पण घ्या!" तीच गॅलरी, जिच्यावर मी नजर टाकावी अशी शिफारस होती. वेलबुट्टीचा ओतीव लोखंडी कठडा, सुंदर. वर गेल्यावर दिसलं की तो सुंभानं बांधलाय.

शेवटी चहा आला तेव्हा माझ्यानं राहवेना. पुस्तक उघडून दाखवलं की मी कोण नाही. काकूंनी चष्मा लावला आणि पान उलटलं. व्हीटीच्या भिंतीतून तोंड काढून बसलेलं दगडी जनावर.

"हे काय?"

"गारगॉइल. छपराचं पाणी यातून लांब फेकतात, भिंतीवर ओघळू नये म्हणून."

"म्हणजे पन्हळ."

"हो. तोंड असलेली पन्हळ."

"कधीची?"

"1888 साली काम संपलं."

काकू वर बघत राहिल्या. टप्. "तेव्हा कळत होतं यांना," त्या म्हणाल्या. मग एकदम माझ्याकडे वळून, "म्हणजे तुम्ही ऑफिसचे नाहीत?"

"नाही."

"मग रविवारी लोकांच्या घरांकडे बघत काय हिंडता? घरी काही काम नाही?"

चहा अर्धा प्यायलेला होता. बशीत बिस्किटं दोन आली होती. त्यातलं एक काकांनी शांतपणे उचलून घेतलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझी बढती एकदा गेली, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

निघताना काकूंनी माझा नंबर घेतला. मी का दिला ते मला विचारू नका. "ऑफिसचे नसलात तरी लिहिता बरं," म्हणाल्या.

काल रात्री पाऊस झाला. सकाळी सहाला फोन. "23 नंबर बोलतेय. बादली भरली. आणि 26चं तुम्ही लिहून घेतलंत, पण तो म्हणतोय डाव्या भिंतीचं राहिलं."

मी पुस्तक काढलं. स्कॉटसाहेबाच्या कपाळावर थोडी जागा होती.