चिकलठाणा (संभाजीनगर)-मुंबई विमान 20 मिनिटांचं नाही, तो मेसेज पुढं पाठवू नका

"संभाजीनगर ते मुंबई हवाई अंतर 280 किमी, विमानाचा स्पीड 850, म्हणजे 20 मिनिटं. तरी कंपन्या तिकिटावर सव्वा तास लिहून फसवतात." हा मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. आमच्या आत्यानं तो खरा धरला आणि दुबईच्या विमानासाठी मुंबईत मधे दीडच तास ठेवून दोन वेगवेगळी तिकिटं काढायला सांगितली, म्हणून लिहायलोय.

अंतर बरोबर आहे, साधारण तेवढंच. पण 850 हा वर गेल्यावरचा स्पीड. दहा हजार फुटांखाली 250 नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी 460 किमीच्या आसपास, आणि एवढ्या जवळच्या प्रवासात निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. छोटं, पंख्याचं एटीआर विमान असेल तर ते वर गेलं तरी पाचशेच्या आसपासच पळतं. शिवाय तिकिटावरची वेळ ही ब्लॉक टाइम, विमान जागेवरून हललं तिथून ते मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची. ही कंपन्यांनी काढलेली पळवाट नाही, विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियमच त्यावर चालतो: वेळेत न कळवता फ्लाइट रद्द केली तर ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर 5000 पर्यंत भरपाई, एक ते दोन तास 7500, त्याच्या वर 10000. मग वेळ फुगवून कंपनी स्वतःलाच द्यावी लागणारी भरपाई वाढवून घेईल का?

हां, थोडी वेळ जास्तीची धरतात, हे मान्य. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, मग विमानं वर घिरट्या घालतात. मुद्दाम इंधन जाळायला घिरट्या घालतात असं कुणाला वाटेल, पण ते इंधन कंपनीच्याच खिशातून जातं, तिकीट तर आधीच विकलेलं असतं.

त्याच्यासोबत फिरणारं "पृथ्वी पूर्वेला फिरते म्हणून येताना लवकर पोचतं" हे तर कहर आहे. धावपट्टीवर उभं विमान, आपण, हवा, सगळंच पृथ्वीसोबत ताशी 1570 किमीनं पूर्वेला चाललेलं असतं. चालत्या जनशताब्दीत उडी मारली तर तुम्ही मागच्या डब्यात पडता का? जाण्या-येण्याच्या वेळेत फरक पडतो तो मुख्यतः वाऱ्यामुळं, तो लंडनसारख्या लांबच्या प्रवासात चांगलाच जाणवतो, इथं चार-दोन मिनिटं.

आता खरा धोका. तिकिटं वेगळी असली की मुंबईत बेल्टवरून बॅग घ्या, टी-वनला (टर्मिनल 1) उतरलात तर रस्त्यानं परदेशी विमानं सुटतात त्या टी-टूला जा, परत चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी. बहुतेक कंपन्यांचं काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, म्हणजे दीड तासातला हातात उरला अर्धा तास, तोही पहिलं विमान वेळेवर आलं तर. दुसरं विमान चुकलं की ती कंपनी म्हणते आमचा काय संबंध, पैसे गेले. वयस्कर माणूस एकटं तिथं काय करणार?

आत्याला मधे पाच तास ठेवायला लावलेत. तुमच्या घरातून कुणी असंच जाणार असेल तर आजच त्यांची काढलेली तिकिटं तपासून बघा, बदलायची असतील तर लवकर बदला.